बंद व्हायला सहा मिनिटं चाळीस सेकंद : चिपळूणच्या जिन्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांचा अनुभव

कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ लागतो याचं आमच्या घरात कुणाला काही वाटत नाही. बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा उकळेपर्यंत तो आपला उठतो. बंद व्हायला वेळ लागला की मात्र माणूस अडकून पडतो. खोलीतली लाइट घालवता येत नाही, यूपीएस बंद करता येत नाही, सोडून झोपायलाही जाता येत नाही. निळ्या पडद्यावर 'शटिंग डाऊन' आणि त्याच्यावर गोल गोल फिरणारे पांढरे ठिपके. मी रोज रात्री त्या ठिपक्यांसमोर उभी असायची, एका हातात दुधाचं पातेलं. दूध विरजून व्हायचं, ओटा पुसून व्हायचा, मागच्या दाराला कडी घालून व्हायची, ठिपके फिरतच असायचे.

मी चिपळूणजवळच्या अलोऱ्याला राहते. पतसंस्थेत एकतीस वर्षं हिशेब लिहिले. आता निवृत्त झाल्यावर पुतण्याच्या काजूगराच्या धंद्याचे लिहिते. मशीन २०१६ साली जोडून घेतलेलं : आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम (चालू काम ठेवायची तात्पुरती जागा), एक टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावर टॅली (हिशेबाचा प्रोग्रॅम), मराठी टायपिंग, एक प्रिंटर आणि नातवाचे फोटो. एवढंच माझं राज्य.

आता तुम्ही म्हणाल, सहा-सात मिनिटांनी काय बिघडतं? आमच्याकडे बिघडतं. आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉटचा प्रकल्प, आणि पावसाळ्यात आमच्याच घरची लाइट दिवसातून तीनदा जाते. झाड पडतं, तार तुटते, कुणाचाच इलाज नसतो. त्यामुळे यूपीएसवर भिस्त. माझा यूपीएस ६०० व्हीएचा, बॅटरी जुनी, जेमतेम चार मिनिटं तग धरायचा. मशीनला बंद व्हायला लागणार सहा-सात मिनिटं आणि यूपीएसचा जीव चार मिनिटांचा. हा हिशेब जुळतच नाही हे सांगायला पतसंस्थेतली नोकरी लागत नाही.

२०२५ साली १० जुलैला गुरुपौर्णिमा होती. दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला, जीएसटीचं आर-१ (महिन्याच्या विक्रीचं विवरणपत्र) भरायची शेवटची मुदत. गुरुपौर्णिमेच्या संध्याकाळी एंट्र्या संपवत आणल्या आणि लाइट गेली. यूपीएस ओरडायला लागला. टॅली बंद केलं, शट डाऊन दाबलं, आणि ठिपके फिरायला लागले. यूपीएसचं ओरडणं आधी थांबून थांबून होतं, मग घाईघाईने, मग सलग, आणि मग सगळंच गप्प. सकाळी मशीन चालू केलं तर डिस्क तपासत बसलं. तपासतंय, दुरुस्त करतंय, इतके टक्के झाले, तितके टक्के झाले. पन्नास मिनिटं. पुतण्या दारात उभा, मी देवापुढे. डेटा नशिबाने शाबूत होता. (नशीब नव्हतं, ते नंतर कळलं. पुढे सांगते.)

मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "आई, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धर, गप बंद होईल." दोन दिवस तसं केलं. पण प्रत्येक वेळी कुणाचं तरी नरडं दाबल्यासारखं वाटायचं, म्हणून सोडून दिलं.

मग जवळच्याच एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा आमच्याकडे आधीही येऊन गेलेला. खुर्चीत बसलासुद्धा नाही. उभ्या उभ्या माऊस दोनदा हलवला आणि म्हणाला, "मावशी, व्हायरस. फॉरमॅट मारावं लागेल, सगळं पुसून नव्याने. दीड हजार. नाहीतर सरळ नवीन घ्या, हे मशीन म्हातारं झालंय." मी विचारलं, व्हायरस आहे हे कशावरून? तर म्हणे, "अनुभव असतो आमचा." अनुभव मलाही आहे. हिशेब न बघता 'ताळा जुळतो' म्हणणारे कारकून मी आयुष्यभर पाहिले.

तर आता ज्यांच्याबद्दल लिहायला बसले ते दुकान. नाव लिहीत नाही. मी विचारलं होतं, तर म्हणाले, "नाव नको काकू, आधीच खूप मशीनं पडून आहेत." चिपळूणच्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, अरुंद लाकडी जिना. पूर्वी खाली तळमजल्यावर होतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत भरलं तेव्हा त्यांच्या दुकानातलं सगळं गेलं, गिऱ्हाइकांची दुरुस्तीला आलेली मशीनंसुद्धा. नंतर त्यांनी गाळा बदलला आणि वर आले. जिन्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ त्यांनी मुद्दाम राखून ठेवली आहे, बाकी भिंतीला रंग दिला, तेवढी पट्टी सोडून. माझ्या डोक्याच्या वर हात दीड हात आहे ती.

सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळला, वरून प्लॅस्टिक, आणि एसटीने गेले. बायकांना अर्धं तिकीट असतं. कंडक्टर गाठोड्याकडे बघून म्हणाला, "ह्यांचं पूर्ण घेऊ का?" मी म्हटलं, हे आजारी आहेत, ह्यांना सवलत द्या. वीसएक किलोमीटर मांडीवर धरून बसले.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला टेबल, त्यावर उघडी पडलेली दोन मशीनं, सोल्डरिंगचा वास, कोपऱ्यात धूळ उडवायचा ब्लोअर. मालक चाळिशीचे असतील. हाताखाली एक मुलगी शिकते, वीस-बावीसची, ओढणी कमरेला खोचलेली. मी गेले तेव्हा ती रॅमचे सोनेरी पाय खोडरबराने घासत बसली होती. मला वाटलं, मुलगी वेळ काढतेय. नंतर कळलं की तो खरोखरचा उपाय आहे, पायांवर मळ बसला की रॅम नीट लागत नाही.

मी सांगितलं, बंद व्हायला वेळ लागतो. त्यांनी 'व्हायरस' म्हटलं नाही. प्रश्न विचारायला लागले, डॉक्टर विचारतात तसे. शट डाऊन दाबल्यावर एखाद्या प्रोग्रॅमचं नाव येऊन 'हा बंद होत नाहीये' असं दिसतं का? नाही. रीस्टार्टलाही तेवढाच वेळ लागतो का? हे मी कधी बघितलंच नव्हतं. प्रिंटर काढून बघितला का? नाही. पेन ड्राइव्ह कायम लावलेला असतो का? हो. आणि शेवटी, "त्या वेळी पुढचा लाल दिवा काय करतो?"

कसला लाल दिवा? नऊ वर्षं ते मशीन माझ्यासमोर आहे आणि त्याच्या तोंडावर पॉवरच्या हिरव्याखाली एक लाल दिवा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. हार्ड डिस्क काम करत असली की तो लुकलुकतो, म्हणाले. "बसा, आपण एकदा बंद करून बघू."

माझ्या मते या दुकानाची सगळी किंमत या 'बंद करून बघू' मध्ये आहे. मशीन त्यांच्या मॉनिटरला जोडलं, चालू केलं, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि शट डाऊन दाबून आम्ही तिघं हाताची घडी घालून बसलो. गिऱ्हाईक आलं तर त्याला म्हणाले, "पाच मिनिटं थांबा, इथे शर्यत चालू आहे." सहा मिनिटं चाळीस सेकंद. रीस्टार्ट करून बघितलं, बंद व्हायला जवळजवळ तेवढेच. आणि सगळा वेळ लाल दिवा लुकलुकत नव्हता, सलग पेटलेला होता.

मुलीला त्यांनी विचारलं, "काय कळलं?" ती म्हणाली, "कुणाची वाट बघत नाहीये. काहीतरी लिहितोय." मला हे फार आवडलं. म्हणजे असं : एखादा प्रोग्रॅम बंद व्हायला तयार नसेल तर विंडोज त्याची वाट बघत नुसतं बसून राहतं. मग डिस्कला काही काम नसतं आणि दिवा अधूनमधून एखादा डोळा मारतो. दिवा सलग पेटलेला याचा अर्थ डिस्क राबते आहे. मशीन झोपायला तयार आहे, त्याला कुणीतरी काम लावून ठेवलंय.

त्यानंतर त्यांनी एकेक संशयित बाजूला काढला. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' म्हणून आकडा असतो तो दाखवला. माझ्याकडे सात मिनिटं होता. म्हणाले, पुष्कळ घरांत हा आकडा पंधरा-वीस दिवस निघतो आणि लोक शपथेवर सांगतात की आम्ही रोज बंद करतो. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात शट डाऊन दाबलं तरी विंडोजचा गाभा खरा बंद होत नाही. त्याची डिस्कवर घडी घालून ठेवतात आणि सकाळी ती घडी उलगडतात. खरी बंद-चालू होते ती रीस्टार्टला. त्यामुळे चालू व्हायला पटकन होतं, पण जुनी दुखणी घडीतच राहतात. शट डाऊनवर क्लिक करताना शिफ्ट दाबून धरलं तर मात्र त्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं. माझ्या मशीनवर ते फास्ट स्टार्टअप कुणीतरी आधीच काढून टाकलेलं होतं. "हे तुम्ही केलंत?" मी? मी वॉलपेपरसुद्धा बदललेला नाही.

मग इव्हेंट व्ह्यूअर. विंडोज स्वतःची रोजनिशी ठेवतं हे मला माहीतच नव्हतं. त्यात 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' असा एक कप्पा आहे. २०० नंबरची नोंद बंद होण्याची, आणि कुठल्या सर्व्हिसने (पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रॅमने) उशीर केला तर २०३ नंबरने तिचं नाव. माझ्याकडे प्रिंटरच्या एका मदतनीस प्रोग्रॅमचं नाव होतं, पण त्याची चोरी पाच-सहा सेकंदांची. पाकीटमार सापडला, दरोडेखोर नाही. डिस्कची तब्येत बघितली : निळी पट्टी, 'गुड', आणि आतापर्यंत चाललेले तास तेरा हजारांच्या वर. मी तोंडी हिशेब केला, नऊ वर्षं, रोजचे चार तास, १३,१४०. बरोबर. व्हायरसची तपासणी झाली, काही निघालं नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, काहीतरी बदलून त्यांनी असं केलं की बंद होताना विंडोज एकेक सर्व्हिसचं नाव घेत बंद करतं. पुन्हा शट डाऊन, पुन्हा आम्ही तिघं. नावं भराभर येऊन गेली, वीसेक सेकंदांत सगळे घरी गेले. आणि तरी लाल दिवा सलग.

इथे त्यांनी मला विचारलं, "हे कधीपासून होतंय काकू? अंदाजे नको."

अंदाजे मी कशाला सांगू? माझ्या पर्समध्ये घरखर्चाची डायरी असते. या वर्षाची होती, त्यात काही सापडलं नाही. म्हणून घरी ह्यांना फोन लावला, गेल्या वर्षीची डायरी काढायला सांगितली, दिवाळीच्या आसपास कॉम्प्युटरवर काही खर्च आहे का बघा म्हटलं. हे चष्मा शोधून, पानं उलटून, मधे लाइट येते-जाते त्याची बातमी देऊन शेवटी वाचतात, "२६ ऑक्टोबर, शनिवार. कॉम्प्युटर स्पीड वाढवणे, रुपये ७००. खाली लिहिलंयस, चहा दोनदा." तोवर मालकांनी कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅमची यादी तारखेप्रमाणे लावली होती. 'पीसीचा वेग वाढवा' छापाचा एक प्रोग्रॅम त्यात बसलेला. टाकल्याची तारीख, २६-१०-२०२४.

म्हणजे वसुबारसेच्या दोन दिवस आधी तोच मनुष्य येऊन स्पीड वाढवून गेला होता. उभ्या उभ्या व्हायरस ओळखणारा. आणि बंद व्हायला वेळ लागायला सुरुवात दिवाळीनंतर झाली, पण मी या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्याच नव्हत्या. चालू व्हायची तक्रार म्हणून बोलावलं होतं, आता बंद व्हायची तक्रार आहे, माझ्या डोक्यात ही दोन वेगळी खाती होती.

आता दुखणं काय होतं ते सांगते, माझ्या भाषेत. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची थोडी जागा कच्च्या कामाला वापरतं. त्याला पेजफाइल म्हणतात. आमच्या पतसंस्थेत कच्ची वही असायची तशी. गडबडीत आकडे तिच्यात मांडायचे, पक्कं झालं की खतावणीत. संध्याकाळी कच्ची वही कपाटात टाकून आम्ही घरी जायचो. आता समजा नवीन साहेब आले आणि म्हणाले, रोज कुलूप लावायच्या आधी कच्च्या वहीचं पान न पान खोडरबराने कोरं करायचं, मगच घरी जायचं. आणि हेही म्हणाले, की वही आता चौपट जाड घ्या. तेच झालं होतं. रजिस्ट्रीत 'क्लिअर पेजफाइल अॅट शटडाऊन' अशी एक नोंद असते. मुळात ती शून्य असते, माझ्याकडे एक होती. ती एक असली की बंद होताना विंडोज पेजफाइलवर सगळीकडे शून्यं लिहीत बसतं. जिथे गुप्ततेची फार काळजी असते अशा ऑफिसांसाठी ती सोय ठीक आहे, कच्च्या वहीत एखादा पासवर्डही राहून गेलेला असू शकतो. काजूगराच्या हिशेबाला तिची काय गरज? त्या वेगवाल्या प्रोग्रॅममध्ये 'खाजगीपणा' म्हणून सगळ्या चौकटींवर टिक केलेली होती, ही त्यातलीच एक. आणि पेजफाइलचा आकार हाताने १६,३८४ एमबी करून ठेवलेला. जास्त म्हणजे चांगलं, अशा हिशेबाने.

त्यांनी एकाचा शून्य केला, पेजफाइलचा आकार विंडोजवर सोपवला, वेगवाला प्रोग्रॅम काढून टाकला. एकदा पूर्ण बंद-चालू केलं आणि मग स्टॉपवॉच लावलं. लाल दिवा दोन-चार वेळा लुकलुकला, विझला. पस्तीस सेकंद.

मुलीने टाळी वाजवली. मी त्यांच्याकडे पेन मागितलं. चारशे सेकंदांतून पस्तीस गेले, उरले ३६५. १६,३८४ भागिले ३६५, पंचेचाळीसला काठावर कमी. म्हणजे डिस्क सेकंदाला ४५ एमबीने पुसत होती. त्यांना विचारलं, हे पटतं का? म्हणाले, नऊ वर्षं जुनी, बरीचशी भरलेली डिस्क, पटतं. ताळा जुळला. मला तो कागद त्यांनी बिलाबरोबर दिला, अजून डायरीत आहे.

आणि गुरुपौर्णिमेच्या रात्री डेटा का वाचला तेही त्यांनी सांगितलं. यूपीएसने मान टाकली तेव्हा टॅली केव्हाच बंद होऊन गेलं होतं. मशीन नुसतं खोडत बसलं होतं.

बिल तीनशे रुपये. एवढ्या वेळाच्या कामाला तीनशे म्हणजे मला कमीच वाटले, पण जास्त देऊ केले तर घेतले नाहीत. एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकायची का, मी विचारलं. म्हणाले, टाकलीत तर चालू व्हायला पटकन होईल, तो आनंद वेगळा, पण आजच्या दुखण्याला त्याची गरज नव्हती. यूपीएसही नवा विकला नाही, आतली बारा व्होल्टची बॅटरी तेवढी बदलून दिली, साडेनऊशे. शिवाय विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार (आता संपलाय) आणि तुमच्या प्रोसेसरला विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या नियमात बसत नाही, हे न विचारता सांगितलं. ज्याला नवीन मशीन विकायचं असतं तो या वाक्याने सुरुवात करतो. यांनी हे जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा सांगितलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. फॉरमॅट मारलं असतं तरी हे दुखणं गेलंच असतं. नोंद आपोआप शून्य झाली असती. पण मग टॅली परत टाका, प्रिंटर परत लावा, मराठी टायपिंग परत बसवा, फोटो कुठे गेले ते शोधा, आणि वर तोच मनुष्य 'स्पीड वाढवून देतो' म्हणून तोच प्रोग्रॅम पुन्हा टाकून गेला असता.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक लिहिलं की लोकांना वाटतं दुकान भाच्याचं आहे.

पहिली, वेळ. "तासाभरात होईल" म्हणाले आणि चार तास लागले. त्यात एक ते तीन दुकान बंद. चिपळूणसारख्या गावात दुपारी दुकान बंद ठेवलं तर बाहेरगावाहून आलेल्या माणसाने कुठे बसायचं? मी सीपीयू तिथेच ठेवून जेवून आले, पण आधी सांगायला काय झालं होतं? दुसरी, फोन. दहा वेळा केला तर एकदा उचलतात, तोही मुलगीच उचलते. तिसरी, जिना. उतरताना सीपीयू मुलीने घेतला म्हणून ठीक. गुडघे दुखणाऱ्या माणसाने एकट्याने जाऊ नये. घरी येतात का? चिपळूणच्या बाहेर येत नाहीत.

आणि चौथी तक्रार जरा मोठी आहे. जाता जाता मशीन हलकं करावं म्हणून त्यांनी चालू होताना आपोआप उठणारे प्रोग्रॅम बंद केले. न विचारता. दुसऱ्या दिवशी बिलावर मालाचं नाव मराठीत लिहायला गेले तर इंग्रजीच उमटतंय. 'काजूगर तुकडा' च्या जागी काहीतरी भलतंच. माझा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅमही त्या झाडलोटीत गेला होता. अकरा वेळा फोन केला. बाराव्यांदा मुलीने उचलला, आणि तिच्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण फोनवर साठीच्या बाईला कॉम्प्युटर शिकवणं म्हणजे काय ते माझ्या मुलाला विचारा. "काकू, काल आपण तीन बटणं एकत्र दाबली होती, आठवतंय? तीच दाबा. वर स्टार्टअप लिहिलंय ना? त्याच्यावर. आता मराठीचं नाव शोधा. सापडलं? उजवं बटण. एनेबल. आता बंद करून परत चालू करा, मी फोन ठेवत नाही." खरंच ठेवला नाही. आणि बंद होत असताना दोघींनी एकत्र मोजलं. छत्तीस.

या गोष्टीला आता चार महिने झाले. रोज रात्री मोजते, सवय लागली म्हणून. चौतीस ते चाळीसच्या मधे असतं. एकदा दोन मिनिटं लागली तेव्हा घाबरले. पण त्या रात्री पडद्यावर अपडेट चालू असल्याचं, बंद करू नका असं लिहिलेलं होतं. ते अपडेट बसेपर्यंत थांबायचं असतं, बटण दाबून धरायचं नसतं, हे मुलीने आधीच बजावून ठेवलं होतं. ऑगस्टमध्ये लाइट बऱ्याच वेळा गेली. यूपीएस ओरडायला लागला की मी टॅली बंद करते, शट डाऊन दाबते आणि लाल दिव्याकडे बघत उभी राहते. यूपीएसचं ओरडणं थांबून थांबून असतानाच मशीन बंद झालेलं असतं.

दुकानात जायचं असेल तर सकाळी दहाला जा, दुपारी एकच्या आत निघा. जाण्याआधी घरी दोन गोष्टी बघून ठेवा : घड्याळ लावून किती मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ तो दिवा लुकलुकतो की सलग पेटतो. कधीपासून होतंय हे तारखेनिशी सांगता आलं तर तुमचे दोन तास वाचतील. जोडायच्या वायरी तिथे नेऊ नका, त्यांच्याकडे असतात. मी नेली होती, माझी पॉवर केबल अजून त्यांच्या टेबलाखाली पडली आहे. मुलगी म्हणते, नाव लिहून खुंटीला टांगून ठेवली आहे, या काकू केव्हाही.